थकलेले लोखंड आणि ओझ्याची सायकल



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही मन्नाएखेळ्ळीच्या बाजूने चिटगुप्प्याकडे सायकलवरून परत येत होतो. आमचे वजन नव्वद किलोंच्या पुढे आहे हे आपण जाणताच. त्यात कॅरिअरवर पुस्तकांचा गठ्ठा होता. लहानसा चढ लागला म्हणून सीटवरून उठून पायडलवर भार दिला, तोच डावा क्रँक कॉटरच्या भोकाजवळ कट्‌कन मोडला. आम्ही रस्त्यावर पडलो. गुडघा फुटला आणि पंधरा दिवस पट्टी बांधून वावरावे लागले. मागून ट्रॅक्टर किंवा ट्रक येत नव्हता म्हणून एवढ्यावर निभावले.

मोडलेला तुकडा घेऊन आम्ही सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. आमचे म्हणणे असे की, रोजचाच रस्ता, रोजचाच चढ, मग आजच हे कसे झाले? दुकानातल्या वयस्क मिस्त्रीने तुकडा उन्हात धरला आणि म्हणाला, "फादर, हा आज मोडला नाही. कधीपासून मोडत होता, आज पुरा झाला."

त्याने दाखविले ते आम्ही नीट पाहिले. मोडलेल्या जागेचे दोन भाग स्पष्ट दिसत होते. मोठा भाग गुळगुळीत आणि काळपट होता, त्यात जुने ग्रीस व गंज शिरलेला होता. उरलेला लहान भाग साखरेच्या दाण्यांसारखा खरखरीत आणि चकचकीत होता. काळा भाग कित्येक महिन्यांपासून चिरत आलेला, चकचकीत भाग त्या दिवशी मोडलेला. म्हणजे शेवटचे काही महिने आम्ही क्रँकच्या उरलेल्या थोड्याशा लोखंडावर भार देऊन फिरत होतो, आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही सायकल आहे. कोणी तिच्यावरून दुधाचे कॅन नेतो, कोणी कडब्याच्या पेंढ्या, कोणी खताची पिशवी. मुले त्याच सायकलीवर शाळेला जातात. म्हणून या वेळी या पानावर आपण लोखंडाच्या थकव्याविषयी समजून घेऊ या.

लोखंड थकते म्हणजे काय?

घरी एक बांधणीची तार घ्या. ती हाताने ओढून तोडू पाहा, तुटणार नाही. आता तीच तार एका जागी धरून इकडे-तिकडे वाकवा. थोड्याच वेळात ती तुटते. ओढताना लावलेल्या जोरापेक्षा हा जोर कितीतरी कमी होता, पण तो पुन्हा पुन्हा लावला गेला. धातूचा थकवा म्हणतात तो हाच. फरक एवढाच की सायकलचे भाग डोळ्यांना दिसेल इतके वाकत नाहीत. केसभर वाकतात आणि पुन्हा सरळ होतात, पण लाखो वेळा.

हा थकवा बहुधा वरच्या पृष्ठभागावर सुरू होतो. जिथे ओरखडा, गंजाचा खड्डा, आट्यांची खाच, भोकाची कडा, तीक्ष्ण कोपरा किंवा वेल्डिंगचा सांधा असेल, तिथे ताण एकवटतो. तेथे डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. प्रत्येक हेलकाव्याबरोबर ती किंचित पुढे सरकते. शेवटी उरलेले लोखंड भार पेलू शकत नाही आणि एका क्षणात तुटते. म्हणूनच लोक म्हणतात, "काही झाले नव्हते, एकाएकी मोडले." वास्तविक पुष्कळ काही होत आलेले असते.

येथे बैल आणि लोखंड यांत एक मोठा फरक आहे. बैल दिवसभर राबून थकला तरी रात्री वैरण-पाणी व विसावा मिळाला की सकाळी पुन्हा ताजा होतो. लोखंडाला विसाव्याने बरे वाटत नाही. सायकल चार महिने गोठ्यात उभी ठेवली तरी पडलेली चीर भरून येत नाही. उलट ओलाव्याने तीत गंज चढतो.

ही विद्या आगगाडीने शिकविली

8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस धावता धावता मोडला. गाडी पेटली आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. चांगल्या लोखंडाचा आस सरळ रस्त्यावर का मोडावा, हा प्रश्न तेव्हापासून विद्वानांना छळू लागला.

पुढे जर्मनीतील रेल्वेचे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी 1850 नंतरच्या वीस वर्षांत यावर चिकाटीने प्रयोग केले. आगगाडीचा आस चाकांबरोबर फिरतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात त्याची तीच बाजू एकदा ताणली जाते व एकदा दाबली जाते. व्होलर यांनी यंत्रावर असे आस लाखो फेरे फिरवून पाहिले. त्यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पहिली, ताण जितका मोठा तितक्या कमी फेऱ्यांत आस मोडतो. दुसरी, पोलादाला ताणाची एक मर्यादा असते, आणि तिच्या खाली राहिले तर ते जवळजवळ कितीही फेरे सहन करते.

ज्यांनी हे ध्यानात घेतले नाही त्यांना पुढेही किंमत मोजावी लागली. 1954 साली जानेवारी आणि एप्रिल महिन्यांत कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने आकाशातच फुटून समुद्रात पडली. विमानाच्या पत्र्यात ठेवलेल्या खिडक्यांसारख्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांशी ताण एकवटून चीर पडली होती. विमान असो वा सायकल, धातूचा नियम एकच आहे.

आजोबांची सायकल टिकली, माझी का मोडते?

हा प्रश्न आम्हांला पुष्कळ जण विचारतात. आपल्या भागात दिसणारी काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची सायकल ही मूळ इंग्रजी रोडस्टरच्या नमुन्याची. सोनीपतच्या ॲटलसने 1951 साली आणि लुधियानाच्या हीरोने 1956 साली काम सुरू केले, आणि अशा सायकली खेडोपाडी पोहोचल्या. जाड पोलादाच्या या सायकली चाळीस-चाळीस वर्षे चालल्या हे खरे आहे.

त्याचे कारण व्होलर यांच्या दुसऱ्या नियमात आहे. आजोबा पंचावन्न-साठ किलोंचे, एकटे बसणारे. जाड लोखंडावर येणारा ताण थकव्याच्या मर्यादेखाली राहत असे. त्या मर्यादेखाली पोलाद दिवस मोजत नाही, तिच्यावर गेले की मोजू लागते.

आता ढोबळ हिशेब करून पाहू. माणूस सीटवर बसला की त्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग मागच्या चाकावर येतो. साठ किलोंच्या माणसाचे 36 किलो, आणि वीस किलोंच्या सायकलचे निम्मे म्हणजे 10, असे मागच्या चाकावर 46 किलो झाले. आता कॅरिअरवर युरियाची एक पिशवी ठेवा. ती 45 किलोंची असते आणि तिचा जवळजवळ सगळा भार मागच्याच चाकावर पडतो. म्हणजे 46 चे 91 किलो झाले, भार दुप्पट झाला.

भार दुप्पट झाला म्हणजे आयुष्य निम्मे झाले असे आपल्याला वाटेल. तसे होत नाही. वेल्डिंगच्या सांध्यांसाठी अभियंते जो नियम वापरतात तो असा, की मर्यादेच्या वर ताण सव्वापट झाला तर आयुष्य सुमारे निम्मे होते, आणि दुप्पट झाला तर आठवा हिस्सा उरतो. सोळा वर्षे चालली असती ती वस्तू दोन वर्षांत मोडते. हाच हिशेब आमच्यासारख्या नव्वद किलोंच्या माणसाला लावला तर ओझे नसतानाही मागच्या चाकावर 64 किलो येतात, आणि आयुष्य तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येते. शिवाय खड्ड्यात चाक आदळले की क्षणभर हा भार कितीतरी वाढतो.

फेऱ्यांची संख्याही लक्षात घ्या. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर असतो. एका किलोमीटरला चाक साधारण साडेचारशे वेळा फिरते. रोज दहा किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर साडेतेरा लाख फेरे झाले! पुढे 44 आणि मागे 18 दात असतील तर तेवढ्याच प्रवासात पायडल साडेपाच लाख वेळा फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात दोन्ही क्रँकवर एकेकदा पायाचा पुरा जोर येतो.

कोणते भाग कुठे मोडतात?

1. तारा, म्हणजे स्पोक. ओझ्याच्या सायकलीत प्रथम यांचा नंबर लागतो. चाक फिरताना प्रत्येक तार खाली आली की तिच्यावरचा ताण कमी होतो आणि वर गेली की पुन्हा वाढतो. तार हबपाशी जिथे वळलेली असते तिथेच ती तुटते. पुष्कळांना वाटते की तार फार आवळल्याने तुटते. बहुतेक वेळा उलटे घडते. ढिली तार प्रत्येक फेऱ्यात पूर्ण सैल पडते, तिचे वळण हलते आणि ती लवकर थकते. एक तुटली की तिचा भार शेजारणींवर पडतो, आणि आठवड्याभरात दुसरी जाते. मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूच्या तारांवर ताण जास्त असतो, म्हणून त्या आधी तुटतात. जुन्या रोडस्टरला पुढे 32 आणि मागे 40 तारा देत, त्या उगाच नव्हेत. भारासाठी सायकल घ्यायची असेल तर मागच्या तारा मोजून घ्या.

2. मागचा आस. आट्यांची प्रत्येक खाच ही चिरेला आमंत्रण देणारी जागा आहे. फ्रीव्हीलच्या बाजूला छर्ऱ्यांची जागा फ्रेमपासून दूर आत असते, त्यामुळे आस तेथे जास्त वाकतो व कोनजवळ मोडतो. चाक वारंवार एका बाजूला जात असेल, कोन पुन्हा पुन्हा ढिला होत असेल, तर आस काढून सपाट फरशीवर लोळवून पाहा. तो डगमगत लोळला तर वाकलेला आहे. तो बदलावा.

3. क्रँक, कॉटर व पायडल. कॉटर ढिला राहिला की क्रँक आसावर हिसके खातो आणि भोकाच्या कडेला चीर पडते. आमच्या बाबतीत हेच घडले होते. पाय टाकताना "टक् टक्" आवाज येत होता आणि आम्ही तो दुर्लक्षिला होता. पायडलचा आस क्रँकमध्ये शिरतो त्या खांद्याशीही मोडतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे घट्ट करताना विसरू नये.

4. पुढचा चिमटा आणि हँडल. हे भाग क्वचित मोडतात, पण मोडले तर माणूस तोंडावर पडतो. चिमट्याची उभी नळी जिथे खालच्या डोक्यात बसते, तिथे चीर पडते. हँडलची दांडी नळीत पुरेशी खोल नसेल तरी ती मोडते. सीटच्या दांडीचेही तसेच. दांडीवर खुणेची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये.

5. फ्रेम. नळ्यांचे सांधे, विशेषतः पायडलच्या आसाभोवतीचे, सीटखालचे, आणि मागचा आस बसतो त्या पट्ट्या. ज्यांना रोज ओझे न्यायचे आहे त्यांनी दुहेरी दांडीची फ्रेम घ्यावी. नव्या पद्धतीच्या सायकलींत हँडल, क्रँक वगैरे ॲल्युमिनियमचे असतात. ॲल्युमिनियम हलके असते, गंजत नाही, पण पोलादासारखी थकव्याची निश्चित मर्यादा त्याला नाही. लहान ताणही साठत जातो. म्हणून भारी माणसाने असे भाग काही वर्षांनी बदलणे शहाणपणाचे.

शनिवारची तपासणी

आठवड्यातून एकदा अर्धा तास द्या. एक जुना फडका, थोडे तेल आणि उजेड एवढे पुरे.

पहिल्याने सायकल पुसून काढा. चिखलाखाली चीर दिसत नाही. पुसताना बोटाने सांधे चाचपा. रंगावर केसासारखी रेघ, किंवा रेघेतून पाझरलेला तांबडा गंज दिसला, तर तो रंगाचा ओरखडा समजून सोडून देऊ नका.

दुसरे, चाक उचलून फिरवा आणि एकेक तार बोटाने छेडा. एकाच बाजूच्या तारांचा आवाज साधारण सारखा यावा. जी तार बद्द वाजते ती ढिली आहे. चाक आउट झाले असेल तर मिस्त्रीकडून लगेच आउट काढून घ्या. तुटलेली तार त्याच आठवड्यात बदला. एकाच बाजूच्या तीन-चार तारा थोड्या दिवसांत तुटल्या तर सगळ्या थकल्या आहेत असे समजून पूर्ण संच नवा बसवा.

तिसरे, दोन्ही क्रँक हाताने धरून हलवा. खेळ जाणवला तर कॉटर बदला. कॉटर स्वस्त आहे, गुडघा नव्हे.

चौथे, पुढचा ब्रेक आवळून सायकल पुढे-मागे हलवा. कट्‌कट्‌ आवाज आला तर कप ढिले असतील. ते आवळूनही आवाज राहिला तर चिमटा काढून पाहावा.

संशय आला तर एक जुनी युक्ती आहे. रेल्वेच्या कारखान्यांत आसांची परीक्षा अशाच रीतीने करीत असत. भाग स्वच्छ करून त्यावर डिझेल किंवा पातळ तेल लावा आणि तासभर ठेवा. मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि पांढऱ्या खडूची बारीक पूड त्यावर पसरा. चीर असेल तर आत मुरलेले तेल हळूहळू वर येते आणि खडूवर ओली रेघ उमटते. हे काम चुलीपासून दूर करावे, आणि रंग नसलेल्या भागावर ते नीट साधते. क्रँक, आस आणि पायडल यांना ही परीक्षा चांगली लागू पडते.

चीर सापडली तर काय करावे?

क्रँक, आस, चिमटा, हँडल आणि सीटची दांडी यांना वेल्डिंग करू नये. वेल्डिंगने चीर झाकली जाते, पण तापलेल्या जागेच्या शेजारी लोखंड कमकुवत होते आणि तेथे नवी चीर पडते. हे भाग बदलूनच टाकावेत. अपघातात वाकलेला चिमटा ठोकून सरळ करून वापरू नये. फ्रेमचा सांधा चिरला असेल तर जाणत्या कारागिराकडून पितळी झाळ देऊन घ्यावी आणि त्यानंतर त्या सायकलीवर ओझे वाहू नये.

ओझ्याविषयी चार नियम पाळावेत. ओझे दोन्ही बाजूंना सारखे आणि शक्य तितके खाली बांधावे. ते आसाच्या मागे लोंबकळू देऊ नये. कॅरिअरवर किलोंचा आकडा कोरलेला असेल तर तो ओलांडू नये. पिशवी मोठी असेल तर तिच्यासह स्वतः बसू नये, सायकल हाताने ढकलत न्यावी. वेळ थोडा जास्त लागतो, पण मागचे चाक आपल्या वजनातून सुटते आणि खड्ड्यातला आपट टळतो. गतिरोधकावर भारी माणसाने सीटवरून किंचित उठून गुडघे वाकवावेत, म्हणजे धक्का सायकलीऐवजी पाय झेलतात. टायरमध्ये हवा पुरी असावी.

खताची वाहतूक केली त्या दिवशी सायकल पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवावा. खताच्या क्षाराने आणि ओलाव्याने पोलादावर खड्डे पडतात. गंजत्या लोखंडाला थकव्याची ती सुरक्षित मर्यादा उरत नाही. पावसाळ्यात हे विशेष सांभाळावे.

मुलांच्या सायकली विसरू नका

कर्नाटक सरकारने 2006-07 साली आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली होती. त्यांतील काही सायकली आज धाकट्या भावंडांकडे किंवा शेतीच्या कामात आहेत. एका मुलासाठी केलेल्या सायकलीवर तिघे बसतात, वर वैरणीचा भारा येतो. बाहेरून रंग चांगला दिसतो, आतला थकवा दिसत नाही. ज्या सायकलीने दोन वर्षे कडबा वाहिला, तिच्यावर मुलीला शाळेला पाठविण्यापूर्वी वरची तपासणी अवश्य करावी. शक्य असेल तर ओझ्याची सायकल आणि मुलांची सायकल वेगळी ठेवावी.

आणखी एक गोष्ट. हे वाचून भारी माणसाने सायकल सोडावी असे आमचे म्हणणे नाही. सायकल चालविणे हृदयाला व साखरेच्या आजाराला हितकारक आहे, आणि शरीराचा भार सीटवर असल्याने गुडघ्यांनाही चालण्यापेक्षा सोपे जाते. सीट मात्र इतकी उंच हवी की टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. आम्ही स्वतः नवे क्रँक, नवे कॉटर आणि मागे चाळीस तारांचे चाक बसवून पुन्हा सायकलवर बसू लागलो आहोत.

हाच नियम ट्रॉलीच्या हूकला, तिच्या पिनला, कडबाकुट्टीच्या पात्याच्या बोल्टांनाही लागू आहे. उसाच्या हंगामात ट्रॉलीची पिन किती वेळा हिसका खाते, याचा विचार करा. "इतकी वर्षे चालली, आता काय होणार?" असे आपण म्हणतो. लोखंडाच्या बाबतीत मात्र इतकी वर्षे चालली म्हणूनच आता पाहायला हवे.

या शनिवारी सायकल अंगणात काढा, पुसा, तारा छेडा, क्रँक हलवून पाहा. मुलांनाही शेजारी बसवा, म्हणजे तीही शिकतील. आमच्या सायकलीने आधी टक् टक् करून सांगितले होते, आम्ही ऐकले नाही. आपण ऐकावे एवढ्यासाठी हे लिहिले.